रॉकस्टारला ओझरतं भेटलेल्या सोलापूरकरांसाठी

रॉकस्टारच्या ओझरत्या भेटीची आठवण चारचौघांत सांगायची, तर आधी आपली अडचण नीट समजून घ्या. परदेशी रॉक बँड भारतात येतात ते बहुतेक मुंबईला, नाहीतर बंगळुरूला. या दोन गावांच्या मधे सोलापूर आहे. उद्यान एक्स्प्रेस दोन्हीकडं जाते आणि सोलापुरात थांबते. पण रॉकस्टार उद्यान एक्स्प्रेसनं जात नाहीत. ते विमानानं जातात, म्हणजे आपल्या डोक्यावरून जातात. एप्रिल २००३ मध्ये मिक जॅगर ज्याचा गायक, त्या रोलिंग स्टोन्स बँडचा कार्यक्रम ४ तारखेला बंगळुरूत झाला आणि ७ तारखेला मुंबईत. मधल्या दिवसांत माझ्या ओळखीचे एक गृहस्थ गच्चीवर कुरडयांची राखण करत बसले होते. वरून एक विमान गेलं. त्यांनी हात केला. तेव्हापासून आजतागायत ते ‘मी मिक जॅगरला हात केला होता’ असं सांगतात.

त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. ‘जॅगरनं हात केला’ असं ते कधीच म्हणाले नाहीत. कुरडयांचा उल्लेख मात्र न चुकता करतात. ऐकणारा कुरडयांवर विश्वास ठेवतो आणि त्यांच्याबरोबर जॅगरही खपून जातो.

तुमच्याकडं एवढीही भेट नसेल तर खचून जाऊ नका. घरातल्या वडीलधाऱ्यांची उसनी घ्या. सगळ्यात सोयीचा ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. झांजिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, आणि तिथंच १९५८ च्या सुमारास पोरांनी काढलेल्या ‘द हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. पाचगणी म्हणजे आपलीच की. सोलापुरातल्या कुठल्या घरातलं माणूस महाबळेश्वर-पाचगणीला गेलेलं नाही? आजीला तिथं बाजारात दात पुढं आलेला एक गोरापान, लाजाळू पोरगा दिसला होता, एवढं पुरे. फक्त आजीच्या तोंडी ‘मर्क्युरी’ घालू नका. तेव्हा तो फरोख बलसारा होता. मित्र फ्रेडी म्हणायचे, पण मर्क्युरी हे आडनाव त्यानं लंडनला गेल्यावर, १९७० च्या आसपास घेतलं. आमच्या कट्ट्यावरचा एक जण इथंच गचकला. त्याच्या आजोबांनी टेबललँडवर जे गाणं ऐकलं, ते १९७५ साली आलं होतं.

आजोबा नसतील तर मुंबईचे काका असतात. सप्टेंबर १९६६ मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकरांकडं सतार शिकायला मुंबईत आला आणि ताजमहाल हॉटेलात ‘सॅम वेल्स’ अशा नावानं उतरला. कुणी ओळखू नये म्हणून त्यानं मिशी राखली होती. भारतात लपायचं तर मिशी ठेवून, हा विचार मला फार पटतो. त्या काळी आपल्याकडं बिनमिशीचा माणूसच उठून दिसायचा. तरीही बातमी फुटलीच. पण काकांना ती कळलीच नाही, असं सांगा. काका मिलमध्ये होते, रविवारी गेटवेला फिरायला गेले, एका गोऱ्यानं त्यांच्याकडं काडेपेटी मागितली, काकांनी दिली. बस्स. तो कोण होता हे काका मरेपर्यंत जाणू शकले नाहीत. यापेक्षा भक्कम पुरावा कुठल्याही कोर्टात मिळायचा नाही, कारण ज्याला काही माहीतच नव्हतं तो खोटं कशाला बोलेल?

१९७२ च्या वाटेला मात्र जाऊ नका, तिथं फार गर्दी झालीय. त्या वर्षी लेड झेपेलिन या बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं, आणि कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या डिस्कोत जाऊन चक्क वाजवलंही. जागा छोटीशी. पण ‘मी होतो तिथं’ म्हणणाऱ्यांना आज एकत्र बोलावलं तर गड्ड्याची जत्रा भरेल आणि पाळणेही लावावे लागतील.

आता श्रोते. इथं सोलापूरकरांनी विशेष जपायला हवं, कारण आपल्याकडं रॉकचा प्रत्येक शब्द आधीच दुसऱ्या कुणीतरी घेऊन ठेवलाय. ‘बँड बघायला बंगळुरूला चाललो’ म्हटलं की आई विचारते, ‘लग्न कुणाचं?’ ‘मी बहात्तर साली स्लिप डिस्कला होतो’ म्हटलं की समोरचा तुमच्या कमरेकडं बघतो आणि एका चांगल्या हाडांच्या डॉक्टरचं नाव सुचवतो. मार्च १९८० मध्ये ‘द पोलीस’ हा ब्रिटिश बँड मुंबईत रंगभवनला वाजवून गेला. टाइम अँड टॅलेंट्स नावाच्या बायकांच्या क्लबनं तो बोलावला होता, म्हणजे एखाद्या मावशीला पुढच्या रांगेत बसवायला ही जागा उत्तम. पण तुम्ही नवी पेठेत उभं राहून ‘मावशीला ऐंशी साली मुंबईत पोलीस भेटले होते’ म्हणालात, तर पुढचा प्रश्न ठरलेला आहे: ‘मग सोडवलं कुणी?’ आणि गिटारवाल्यानं फेकलेलं पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चपटी चकती, हातात आलं, हे मंगळवेढ्याच्या पाहुण्यांना सांगायला जाऊ नका. आमच्या एका मित्रानं सांगितलं होतं. पाहुण्यांनी पिक हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, ‘औंदा पाऊसच न्हाई, एवढंच येनार पीक.’

श्रोता भेटला की मूळ प्रसंगाकडं वळा. ‘त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं’ हे वाक्य प्रत्येक आठवणीत असतं, तुमच्याही असू द्या. स्टेजवर दिव्यांचा एवढा झोत तोंडावर असतो की पहिल्या काही रांगांपलीकडं वादकाला नुसता अंधार दिसतो. तो त्या अंधाराकडं बघून हसतो आणि अंधारातल्या प्रत्येकाला वाटतं, माझ्याकडं बघून हसला. त्यामुळं हे वाक्य कुणालाही खोडता येत नाही. ‘मी हाक मारली आणि तो वळला’ हे जरा कच्चं आहे. हल्ली त्यांच्या कानांत मॉनिटर, म्हणजे इवलेसे स्पीकर, ठासलेले असतात, त्यातून मुख्यतः बँडचाच आवाज जातो. तुमची एकट्याची हाक त्याच्यापर्यंत पोचणं कठीणच. तो वळला असेल तर ड्रमरकडं. पण हे तुम्हाला माहीत असलं तरी श्रोत्याला सांगायची काय गरज?

तारखा मात्र तपासा. मेटालिकाचा गुडगावचा कार्यक्रम २८ ऑक्टोबर २०११ ला ऐनवेळी रद्द झाला, आणि ३० तारखेला बंगळुरूत पॅलेस ग्राउंड्सवर झाला. आमच्यातला एक जण गुडगावच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत होता. त्यानं तिथली गाणी क्रमानं सांगितली, शेवटचं गाणं म्हणताना त्याचा गळाही दाटून आला. आम्ही कुणी काही बोललो नाही.

यानंतर येतो संवाद. प्रत्यक्षात रॉकस्टार जे बोलतो ते साधारण असं असतं: ‘हे मॅन.’ ‘थँक यू.’ ‘एक्सक्यूज मी.’ यातलं तिसरं वाक्य तुम्ही वाटेत उभे असता म्हणून असतं. हे तसंच्या तसं सांगितलं तर चहा यायच्या आत कथा संपते. म्हणून त्याचं मराठीत भाषांतर करा, आणि करताना हात आखडू नका. ‘थँक यू’चा भावानुवाद ‘तुमच्यासारखे दर्दी लोक आहेत म्हणून आम्ही आहोत’ असा होतो. ‘एक्सक्यूज मी’चा ‘खांद्यावर हात ठेवून पुढं गेला’ असा. त्याला तुम्ही काय म्हणालात, हे मात्र गाळा. सहा तास हॉटेलच्या दारात उभं राहून, घरून पाठ करून गेलेलं इंग्रजी वाक्य ऐनवेळी घशात अडकतं आणि सोलापूरकराच्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडतो, ‘जेवलात का?’ तोही मराठीत. हा प्रश्न मनापासूनचा असतो, पण रॉकच्या इतिहासात तो शोभत नाही.

पुराव्याचं काय? सही असेल तर ती कशावर घेतली, याला महत्त्व आहे. एकानं मोठ्या हौशीनं चाटी गल्लीतून नवीकोरी चादर घेतली, मुंबईला नेली आणि तिच्यावर सही घेऊन आला. आईनं ती पहिल्याच सोमवारी धुतली. सोलापुरी चादरीचा रंग जात नाही, ही आपली ख्याती. सहीचा जातो. आता तो ती चादर पाहुण्यांना दाखवतो, आणि पाहुणे मान डोलावून कितीला पडली ते विचारतात.

लांब केस दिसले की सही घ्यायची, ही चूक तर जवळजवळ प्रत्येकाच्या हातून होते. स्टेजमागं लांब केसांची, काळ्या टी-शर्टातली जी माणसं फिरत असतात, त्यातली निम्मीशिम्मी केबल गुंडाळणारी, गिटारी सुरात लावून ठेवणारी असतात. ती सही फेकू नका. स्टार दीड-दोन तासांत जातो. हा माणूस सकाळपासून तिथं असतो आणि मध्यरात्रीनंतरही असतो, शिवाय तुमच्याशी दहा मिनिटं बोलतोही. आठवण त्याची सांगा, नाव स्टारचं लावा. पिकाचंही तसंच. ती माइकच्या दांड्यावर ओळीनं खोचलेली असतात, मूठ-मूठ उधळायसाठीच. ‘खास मला दिलं’ म्हणताना शेजारच्या माणसाच्या हातातही एक होतं, हे विसरायचा थोडा सराव करा.

तरुण मंडळींचे हाल बघवत नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले, दोन्ही बँड नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. ही पोरं सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं गेली आणि व्हिडिओ घेऊन आली. व्हिडिओइतका आठवणीचा वैरी दुसरा नाही. त्यात काय दिसतं? पुढच्या माणसाचा मोबाइल, त्यात त्याच्या पुढच्याचा मोबाइल, आणि सगळ्यांच्या टोकाला एक उजेडाचा ठिपका. आवाज कुणाचा, तर तुमच्याच भसाड्या गळ्याचा. असला पुरावा हातात असल्यावर तुम्ही पुढच्या दहा वर्षांत कोल्डप्लेच्या गायकाला, ख्रिस मार्टिनला, किती जवळ आणणार? मोबाइल सिद्धेश्वर तलावात पडला म्हणून सांगा आणि मोकळे व्हा. मग आठवणीला दरवर्षी थोडी थोडी वाढ देता येते, महागाई भत्त्यासारखी. पहिल्या वर्षी त्यानं बघितलं, तिसऱ्या वर्षी मान हलवली, सातव्या वर्षी ‘फ्रॉम सोलापूर?’ असं विचारलं. दहाव्या वर्षी त्यानं शेंगाचटणी मागितली की थांबा. चटणी आली की समोरचा सोलापूरकर उठून जातो, कारण त्याच्याही कथेत ती असते.

आणि शेवटचा नियम, जो पार्क चौकात चहाच्या गाडीवर आम्ही सगळे कसोशीनं पाळतो. दुसऱ्याची भेट कधीही तपासायची नाही. तू माझ्या जॅगरला हात लावू नको बे, मी तुझ्या पाचगणीला लावत नाही.

आता तुम्ही विचाराल, की तुमची स्वतःची भेट कोणती? सांगतो. बरीच वर्षं झाली. कॉलेजच्या गॅदरिंगला पुण्याहून एक रॉक बँड आला होता, आणि मी स्वयंसेवकाचा बिल्ला लावून स्टेजच्या डाव्या बाजूला उभा होतो. बेस गिटारवाला माझ्याकडं आला. खरोखर माझ्याकडंच आला, अंधाराकडं बघून नाही. म्हणाला, ‘भाऊ, एक्स्टेन्शन बोर्ड मिळेल का?’ मी धावत कँटीनमध्ये गेलो, फ्रिजचा बोर्ड काढून आणला. कँटीनवाल्याचं दही नासलं, त्याबद्दल तो अजून बोलतो. गिटारवाला म्हणाला, ‘थँक्स.’ त्यानंतरचा दीड तास बेसचा प्रत्येक दणका माझ्या बोर्डातून गेला, आणि हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीय. बोर्ड परत मिळाला नाही.

कार्यक्रमाच्या शेवटी गायक घामानं निथळत पुढं आला, दोन्ही हात वर करून माइकमध्ये ओरडला, ‘थँक यू, सांगली!’ क्षणभर कुणालाच काही सुचलं नाही. मग आम्ही सगळे बेंबीच्या देठापासून ओरडलो. त्या रात्रीपासून, कुणी काही न ठरवता, आमच्या सगळ्यांच्या आठवणीत तो ‘सोलापूर’ म्हणालेला आहे. तुम्हीही होता तिथं, असं सांगायला हरकत नाही. मागच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्याच होत्या.