पेशंटची माहिती चव्हाट्यावर कशी आणावी

घरोघरी जाऊन नर्सिंग करताय ना? मग आज पाचच पेशंट बघायचे असले तरी बॅगेत वीस जणांच्या फायली कोंबून निघा. कधी कुठली लागेल, काय नेम! आजच्या भेटींचेच कागद नेणाऱ्यांची बॅग हरवली तर पाचच जणांची माहिती फुटते. एवढ्याशाने कुणाचं काय होणार? दिवसाची यादीही एकाच कागदावर हवी. नाव, पत्ता, आजार आणि दाराच्या नंबरी कुलुपाचा आकडा, सगळं एका ओळीत. ज्याला कागद सापडेल त्याला आत कोण अंथरुणाला खिळलंय आणि दार कसं उघडायचं, हे वेगळं शोधावं लागू नये.

फाईल गाडीत पुढच्या सीटवर ठेवा, नाव वर करून. डिकीत टाकायचीच झाली तर पेशंटच्या दारात गाडी लावल्यावर, चार जणांच्या देखत टाका. निघण्याआधीच ठेवली तर डिकीत काय आहे ते कुणाला कसं कळेल?

आता जखमेचा फोटो. तो स्वतःच्याच फोनवर काढा. ऑफिसचं अ‍ॅप उघडायला फार वेळ लागतो. जखमेशेजारच्या मोजपट्टीवर पेशंट क्रमांकाऐवजी पूर्ण नाव लिहा आणि चेहराही फ्रेममध्ये येऊ द्या. लोकेशन चालू असेल तर घराचे अक्षांश-रेखांश फोटोत आपोआप बसतात, तेवढं टायपिंग वाचतं. डॉक्टरांना ग्रुपवर पाठवलात की गॅलरीतून पुसा आणि निर्धास्त व्हा. तो पुढे डिलीट केलेल्यांच्या फोल्डरमध्ये, क्लाउडच्या बॅकअपमध्ये आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये सुखाने नांदतो. घरचा टीव्ही त्याच खात्याला जोडलेला असेल तर सोन्याहून पिवळं: भाचीच्या लग्नाचे फोटो संपले की पाहुण्यांना थेट चौथ्या स्टेजचा बेडसोर.

पुढच्या घरी बीपी घेताना आधीच्या पेशंटची फाईल टेबलावर उघडीच राहू द्या. नातेवाईकांचा तेवढाच वेळ जातो. फोनवर कुणी "मी मुलगा बोलतोय" म्हणालं की रिपोर्ट वाचून दाखवा. फाईलमधल्या नंबरवर उलट फोन करून खात्री करणं म्हणजे माणुसकीवर संशय. (पेशंटने कुणाला काय सांगायचं ते आधीच ठरवलेलं असतं म्हणे. असू दे.)

आणि फोन हरवलाच, तर लगेच कळवायची घाई नको. आधी दोन दिवस सोफ्याखाली शोधा. तेवढ्यात बॅटरी संपते, आणि बंद फोनला दुरून डेटा पुसण्याची आज्ञा पोचत नाही. मग सोमवारी सावकाश ऑफिसला सांगा. पासवर्डचं विचारलं तर म्हणा, काळजी नको, कव्हरच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवलाय.