भूमिपूजन एकाचं, फीत दुसऱ्याची

आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर अमेरिकेतली निवडणूक बारा महिने चालू असते. डॅलसचे भावजी रिपब्लिकन, न्यू जर्सीची ताई डेमोक्रॅट. कोणत्या राष्ट्राध्यक्षाने काय केलं यावर परवा पुन्हा जुंपली. भावजी म्हणाले, "तुमच्या कार्टरने लष्कराची वाट लावली, आमच्या रेगनने उभं केलं." ताईचं उत्तर तयार, "क्लिंटनने सरकारी तिजोरीत साठवलेली शिल्लक तुमच्या बुशने उडवली." मग दोन्हीकडून आलेख. गंमत म्हणजे दोघांचेही आकडे खरे.

माझं भांडण तारखांशी आहे.

'जेराल्ड फोर्ड' ही विमानवाहू नौका घ्या. बांधणीचं कंत्राट २००८ मध्ये, बुश असताना. तळाचा कणा बसला २००९ मध्ये, ओबामा आल्यावर. नौदलात दाखल झाली २२ जुलै २०१७ ला, ट्रम्पच्या हस्ते. (विमानं उडवणारी तिच्यावरची विजेची यंत्रणा त्यांना पसंतच नव्हती, वाफेचीच बरी म्हणत होते!) पहिल्या मोहिमेवर गेली २०२२ मध्ये, बायडनच्या काळात. आता सांगा, ही कोणाच्या खात्यात मांडायची? आपल्याकडे एका पुलाच्या कोनशिलेवर एक नाव आणि उद्घाटनाच्या पाटीवर दुसरं असतं, तसलाच प्रकार.

कार्टरचं तर मला वाईटच वाटतं. १९७७ मध्ये बी-१ बॉम्बर रद्द केलं म्हणून आजही शिव्या खातात. पण रडारला सहज न सापडणाऱ्या एफ-११७ विमानाच्या बांधणीला हिरवा कंदील मिळाला १९७८ मध्ये, त्यांच्याच काळात. ते पहिल्यांदा उडालं १९८१ मध्ये आणि बगदादवर गेलं १९९१ मध्ये. महागाईचंही तेच. १९७९ मध्ये फेडरल रिझर्व्हवर, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेवर, पॉल व्होल्करना आणलं कार्टरने. व्होल्करनी महागाई रोखायला व्याजदर वीस टक्क्यांपर्यंत चढवले, कर्जं महागली, लोक चिडले, कार्टर हरले. १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली तेव्हा रेगनही शिव्या खात होते. मग महागाई उतरली, धंदे सावरले आणि १९८४ मध्ये रेगननी पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं जिंकली. औषध एकाने दिलं, गुण दुसऱ्याच्या हाताला आला. अर्थात व्होल्करना १९८३ मध्ये पुन्हा नेमलं रेगननेच, तेवढं श्रेय त्यांचं.

ताई, खूश होऊ नकोस. क्लिंटनच्या शिलकीत त्यांच्या आधीच्या थोरल्या बुशचा वाटा आहे. १९९० ची करवाढ त्यांनी स्वतःचा शब्द मोडून केली आणि ती त्यांना भोवली. संरक्षण खर्चाला कात्रीही त्यांच्याच काळात लागली, कारण समोरचा सोव्हिएत संघच राहिला नाही. १९९३ ची करवाढ मात्र निखळ क्लिंटनची. एकाही रिपब्लिकनने तिला मत दिलं नव्हतं.

म्हणून मी खुर्चीची तारीख बघत नाही, सहीची बघतो. धाकट्या बुशची २००१ ची करकपात आणि २००३ चं इराक युद्ध त्यांचंच, तिथे सूट नाही.

शेवटी ग्रुपवर विचारलं, २००९ ची सरकारी तूट कोणाची? अमेरिकेचं ते आर्थिक वर्ष सुरू झालं १ ऑक्टोबर २००८ ला, ओबामांचा शपथविधी २० जानेवारीला. बँका वाचवायच्या कायद्यावर सही बुशची, फेब्रुवारीतल्या मदत पॅकेजवर ओबामांची. भावजी म्हणाले, "सगळी ओबामाची." ताई म्हणाली, "सगळी बुशची." दोघांचं उत्तर एकाच मिनिटाला आलं.