एचएलए जुळलं म्हणजे भावालाही ल्युकेमिया होणार? नाही.

‘रुग्णाशी ज्या भावंडाचं एचएलए जुळतं, त्यालाही तोच रक्ताचा कॅन्सर होतो’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

एचएलए ही सहाव्या गुणसूत्रावरची जनुकं. त्यांच्यापासून बनणारी प्रथिनं पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून दाखवतात, आणि ते पाहून टी-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) आपलं-परकं ठरवतात. सख्ख्या भावंडांत ही जनुकं पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के असते. ती जुळणं ही बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी खरं तर आनंदाची बातमी.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरचं मूळ वेगळंच आहे. बोन मॅरोतल्या (अस्थिमज्जेतल्या) एका पेशीत 9 आणि 22 या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीआर-एबीएल हे जोड-जनुक तयार होतं. हा बदल जन्मानंतर घडतो. आईवडिलांकडून येत नाही. त्यातून उरणारं आखूड 22वं गुणसूत्र 1960 मध्येच दिसलं होतं. अदलाबदलीचा उलगडा अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी 1973 मध्ये केला.

मेसेज पूर्ण हवेतून आलेला नाही, हेही सांगायला हवं. काही एचएलए प्रकार रुग्णांत थोडे कमी-जास्त आढळले आहेत, आणि क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या दुसऱ्या प्रकारात कुटुंबाचा वाटा खरोखर असतो: जवळच्या नातेवाइकांचा धोका इतरांपेक्षा काही पट जास्त. पण मुळात आजारच विरळ, त्यामुळे बहुतेक नातेवाइकांना तो कधीच होत नाही. एचएलए चाचणीवरून तर हे भाकीत करताच येत नाही.

असा मेसेज वाचून एखादा जुळणारा दाता मागे फिरू शकतो. म्हणून कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.