चौदाशे मीटरवरची लघुशंका

आमच्या ट्रेकिंग ग्रुपचा लीडर सव्वीस वर्षांचा आहे आणि त्याला दोनच वाक्यं येतात. पहिलं, "पाणी पीत राहा." दुसरं, "बस, दहा मिनिटं." हरिश्चंद्रगडाच्या त्या शनिवार-रविवारात ही दोन्ही वाक्यं मला किती महागात पडली, ते सांगतो.

डोंबिवलीत पारा अठरावर आला की कपाटातून मफलर काढणारा माणूस मी. डिसेंबरातल्या पहाटे चार वाजता एसटीने आम्हाला खुबी फाट्यावर उतरवलं आणि ती आळेफाट्याकडे निघून गेली. जाताना तिचे लाल दिवे बघून माझ्या घशात आवंढा आला. तिथून खिरेश्वरपर्यंत पिंपळगाव जोगा धरणाच्या बांधावरून चालायचं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला अंधार, आणि वारा दोन्हीकडून. "गाव किती लांब?" मी विचारलं. "बस, दहा मिनिटं." तासाभराने गाव आलं.

खिरेश्वरात चहा. तोलार खिंडीत चहा. तिथे दगडात कोरलेला वाघ आहे, त्याला नमस्कार करून पुढे निघालो, तर लगेच कातळटप्पा. लोखंडी रेलिंग धरून चढायचं. थंडीत ते लोखंड असं गारठलेलं, की माझे तळवे तिथेच राहतात की काय असं वाटलं. त्यानंतर टेकड्या. एक संपली की मागून दुसरी उभी. त्यांना सात टेकड्या म्हणतात, पण मोजणाऱ्याने बहुधा दमून मध्येच सोडून दिलं असावं. प्रत्येक टेकडीवर लीडर वळून म्हणे, "काका, पाणी प्या." मी प्यायलो. आज्ञाधारकपणा हा माझा जुना दोष आहे.

वर मंदिर मात्र पाहतच राहावं असं. शेजारी केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या पाण्यात भलं मोठं शिवलिंग, भोवती चार खांब, त्यातला एकच शाबूत. तो पडला की जगबुडी, असं सांगतात. ते पाणी भर उन्हाळ्यातही बर्फासारखं असतं. ग्रुपमधली पोरं त्यात उतरून प्रदक्षिणा घालत होती. मला आग्रह झाला. मी पायाचा एक अंगठा बुडवला आणि असा ओरडलो, की सगळ्यांनी आधी माझ्याकडे नाही, त्या खांबाकडे पाहिलं.

संध्याकाळी कोकणकडा. कड्यावर पालथं पडून खाली डोकावायचं. खालून येणारा वारा नाकपुड्यांतून शिरून थेट मेंदूत जातो. मग पिठलं-भाकरी, गरम सूप, आणि शेकोटीभोवती चहा. पुन्हा चहा. नऊला तंबूत. तंबू तिघांचा, मी मधोमध.

रात्री दोनला जाग आली.

या गरजेला पूर्वजांनी 'शंका' हे नाव दिलं, त्यांना माझा दंडवत. कारण स्लीपिंग बॅगेत ती खरोखर शंकाच असते. लागलीय, की नुसता भास? पहाटेपर्यंत टिकेल का? चार तास म्हणजे दोनशे चाळीस मिनिटं; लीडरच्या हिशेबाने फक्त दहा. कुशीवर वळलो. शंका फिटली, खात्री झाली.

चेन उघडली. उजवीकडच्याच्या पोटावरून एक पाय, डावीकडच्याच्या घोरण्यावरून दुसरा. बाहेर ठेवलेले बूट दवाने भिजलेले. आणि गडावर त्या रात्री तंबूंचं गाव वसलेलं! मंदिराजवळ जाववत नाही, पुष्करणीकडे जाणं पाप, आणि उरलेल्या जागेत कुणाच्या ना कुणाच्या तंबूच्या दोऱ्या. दोनदा अडखळलो. एका तंबूतून "कोण आहे?" असा घाबरा आवाज आला. या अवस्थेत परिचय काय देणार? पुढे झालो.

अखेर एक झुडूप मिळालं, आणि तिथे कळलं की बायकोने आग्रहाने दिलेल्या लोकरी पायजम्याच्या नाडीला निरगाठ बसलीय. बधिर बोटं, वर विंडचीटर, त्याखाली स्वेटर, त्याखाली थर्मल, आणि विजेरी दातांत. पश्चिमेला मृग नक्षत्र कललेलं, ईशान्येकडून सप्तर्षी वर चढलेले. इतकं आकाश मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तेव्हाही नीट पाहिलं नाही.

नाडी शेवटी दातांनी सोडवली. कशी, ते विचारू नका. पन्नाशीत माणूस इतका वाकू शकतो हे मलाही नवीन होतं.

परत येऊन बॅगेत शिरलो, चेन गळ्यापर्यंत ओढली, पाय जरा कुठे आपले वाटू लागले, तोच तंबूच्या दाराशी कुजबुज.

"काका, जागे आहात ना? तुमची विजेरी दिसली. जरा सोबत येता? मघाशी झाडीत काहीतरी खसफसलं."

हिमालयातली दोन शिखरं चढलेला आमचा लीडर. मी पुन्हा उठलो. पोट, घोरणं, ओले बूट. तो माझ्या मागे, दोऱ्यांत अडखळत.

"काका, अजून किती लांब?"

"बस," मी म्हटलं, "दहा मिनिटं."