यासुकुनीचा वाद बीजिंगमध्ये सुरू झाला नाही

जपानमधल्या उजव्या गटांचं एक ठरलेलं म्हणणं आहे: आम्ही आमच्या मृत सैनिकांपुढे हात जोडतो, चीन-कोरियाने त्यात नाक खुपसू नये. आपल्याकडेही पुष्कळांना ते चटकन पटतं. पण तारखा क्रमाने लावल्या की ते टिकत नाही.

टोकियोतलं यासुकुनी हे शिंतो देवस्थान 1869 सालचं. तिथे अस्थी नाहीत, थडगी नाहीत. आहेत ती फक्त नावं, 24 लाख 66 हजारांहून जास्त. नोंदवहीत नाव चढलं, विधी झाला, की तो माणूस 'कामी', म्हणजे तिथलं दैवत. महायुद्धानंतरही ही नावं सरकारचं कल्याण खातंच कळवत असे. 1966 मध्ये युद्धकाळातले पंतप्रधान तोजो यांच्यासकट 'अ' वर्गातल्या, म्हणजे आक्रमक युद्ध घडवून आणल्याचा ठपका असलेल्या युद्धगुन्हेगारांची नावं आली, तेव्हा मुख्य पुजारी त्सुकुबा यांनी ती न चढवता तशीच ठेवून दिली. 1978 मध्ये ते वारले. त्यांच्या जागी आलेले मात्सुदायरा हे माजी सैनिकी अधिकारी. त्यांनी त्याच ऑक्टोबरमध्ये 14 नावं गुपचूप चढवली. लोकांना हे कळलं 1979 च्या एप्रिलमध्ये, तेही वर्तमानपत्रांतून.

सम्राट हिरोहितो तिथे शेवटचे गेले 1975 मध्ये. त्यांचे चिरंजीव अकिहितो गादीवर असताना एकदाही गेले नाहीत. हिरोहितोंनी नंतर जाणं बंद करण्याचं कारण ही 14 नावंच होती, असं राजवाड्यातल्या एका अधिकाऱ्याच्या 2006 मध्ये उजेडात आलेल्या टिपणातून दिसतं. चीनने मोठा निषेध केला तो 1985 मध्ये, पंतप्रधान नाकासोने 15 ऑगस्टला अधिकृतपणे गेले तेव्हा. म्हणजे सम्राटाच्या नावाने शपथा घेणाऱ्यांना आधी सम्राटानेच उत्तर दिलं होतं! आणि 2013 च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधान आबे गेले तेव्हा निराशा व्यक्त करणाऱ्यांत अमेरिकाही होती, जपानचा सगळ्यात जवळचा मित्रदेश.

मग नावं काढत का नाहीत? देवस्थान म्हणतं, एकदा एकरूप झालेले आत्मे वेगळे करता येत नाहीत. सरकार हुकूम देऊ शकत नाही, कारण राज्यघटनेच्या 20 व्या कलमाने धर्म आणि शासन वेगळे केले आहेत. गाठ बसली आहे ती इथे.

त्याच आवारात 2005 पासून भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं स्मारक आहे. महायुद्धानंतर जेत्या राष्ट्रांनी जपानी नेत्यांवर चालवलेल्या टोकियो खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे ते एकमेव न्यायाधीश, म्हणून आपल्याकडे त्यांच्यावरच्या पोस्ट अभिमानाने फिरतात. अभिमान जरूर बाळगावा. त्यांचा आक्षेप कायद्यावर होता: कृत्य घडून गेल्यावर गुन्हा ठरवणारा कायदा लावता येत नाही, आणि जेत्यांनीच न्यायासनावर बसणं हा न्याय नव्हे. पण जपानी फौजांनी नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर अत्याचार केले याचा पुरावा प्रचंड आहे, हेही त्यांनी त्याच निकालपत्रात लिहून ठेवलं आहे.