"सापडला की दाखला द्या" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जून उजाडला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: शाळेत व्यसनांवर तास घेऊ नका, मुलांना नको ते कळतं. घ्यायचाच असेल तर पोलिसांना बोलवा, सडलेल्या फुप्फुसांचे फोटो दाखवा, धाक बसू द्या. दप्तरं तपासा, लघवीची चाचणी करा, सापडला की त्याच दिवशी दाखला हातात ठेवा. आणि मुळात हा शाळेचा प्रश्नच नाही, घरच्या संस्कारांचा आहे.

मी आठवी ते दहावीला शिकवतो. मेसेज लिहिणाऱ्याची काळजी खरी आहे, हे आधी मान्य करतो. उपाय मात्र बहुतेक उलटे पडणारे आहेत.

"मुलांना नको ते कळतं." ते कळून चुकलंय हो. आठवीच्या वर्गात मी सहज विचारलं होतं, व्हाइटनर कशासाठी वापरतात? "खोडायला" असं कुणीच म्हणालं नाही. मागच्या बाकांवरून नुसतं खुसखुस हसू आलं. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ साली आला. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन असं हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के, तर दहा ते सतरा वयाच्या मुलांत १.१७ टक्के. बाकी सगळ्या नशांत मोठी माणसं पुढे, या एकाच नशेत मुलं. २०२४ साली पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यात एमडी (मेफेड्रोन हे ड्रग) सापडलं तेव्हा आपण सगळे हादरलो, ते बरोबरच. पण पोराच्या हातात आधी येतं ते एमडी नव्हे. तंबाखूची पुडी येते, काकाच्या हळदीतली बीअर येते, गॅरेजमधली सोल्युशनची ट्यूब येते. यावर गप्प राहून आपण कुणाला वाचवतोय?

"पोलीस बोलवा, धाक बसवा." हा प्रयोग करून झालाय, तोही प्रचंड प्रमाणावर. १९८३ साली लॉस एंजेलिसला 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन 'नाही म्हणा' शिकवायचे. अमेरिकेत तो गावोगाव पोचला, टी-शर्ट निघाले, पालक खूश. मग अभ्यासकांनी हा कार्यक्रम झालेली आणि न झालेली मुलं तपासली, तर नशा करण्यात म्हणावा असा फरक दिसेना. शेवटी डेअरवाल्यांनाच अभ्यासक्रम बदलावा लागला. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१८ साली सुधारून काढलेल्या मार्गदर्शिकेतही हेच आहे: नुसतं भाषण, भीती घालणं, व्यसन सुटलेल्या माणसाचं अनुभवकथन, यांनी फारसं काही साधत नाही. सराव करून घेतला तर साधतं.

सराव म्हणजे काय? मी दोन पोरांना पुढे उभं करतो. एकाने म्हणायचं, "घे रे एक घोट, बाई आहेस का?" दुसऱ्याने उत्तर द्यायचं. पहिली पाच मिनिटं नुसता दंगा. मग उत्तरं यायला लागतात. यंदाचं सर्वांत चांगलं उत्तर एका कबड्डीवाल्याचं होतं: "उद्या मॅच आहे, सर तोंडाचा वास घेतात." (मी कुणाच्या तोंडाचा वास घेत नाही. पण त्याला ही सबब हवी असेल तर खुशाल वापरावी.) दुसरा खेळ चिठ्ठ्यांचा, बिननावाच्या. वर्गातले किती जण घेत असतील? निम्मे, असा अंदाज येतो. तू घेतोस का, याला होकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. "सगळेच घेतात" हा समज तिथल्या तिथे फुटतो.

आता दाखल्याचं. मेसेजमधली सर्वांत घातक ओळ ही, कारण ती कडक आणि रास्त वाटते. मी पूर्वी ज्या शाळेत होतो तिथे नववीतल्या एका मुलाच्या रुमालाला थिनरचा वास आला. दुसऱ्या दिवशी दाखला. कुणी हरकत घेतली नाही, मीही नाही. महिन्याभरात तो स्टँडजवळच्या गॅरेजवर दिवसभर बसलेला दिसू लागला, सोल्युशन हाताशीच. शाळेत असेपर्यंत निदान सकाळी हजेरीला त्याचं नाव तरी कुणी घेत होतं. आणि त्याला ते थिनर दिलं कुणी, हे आम्ही विचारलंच नाही. बाल न्याय कायद्याचं (२०१५) ७७ वं कलम मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. कायदा देणाऱ्याला शोधतो, आम्ही साक्षीदारालाच गेटबाहेर काढलं.

लघवीच्या चाचणीचं तर हसू येतं. दारू साध्या चाचणीत काही तासच सापडते आणि व्हाइटनर-थिनर नेहमीच्या किटमध्ये दिसतच नाही. म्हणजे मुलांमध्ये जे जास्त चालतं तेच निसटणार. त्यापेक्षा पालकांना बोलवून, दार लावून, शांतपणे बसा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही फुकट.

राहिले संस्कार. त्यांना मी नाही म्हणत नाही. पण घर आणि शाळा अशी वाटणी करून काम होत नाही. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मागच्या महिन्यात झिंगेपर्यंत प्यालेली होती. २०१६ साली ५ टक्के. त्यांनी शाळाशाळांतून मुलांना बिननावाने प्रश्न विचारले, आकडे त्या त्या शाळेच्या पालकांपुढे ठेवले, दुपारनंतर खेळ आणि संगीताची सोय केली, मुलांनी रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहायचं ते ठरवून दिलं. चिमुकला आणि पैसेवाला देश आहे, जसंच्या तसं इथे चालणार नाही. पण आकडे पालकांपुढे ठेवायला काय खर्च येतो?

आणि संस्कारांचंच म्हणाल, तर "बाबांची पुडी आण" म्हणून पोराला टपरीवर धाडणारं घर आपल्या ओळखीतलंच असतं. २००३ च्या तंबाखू कायद्याने अठराच्या आतल्याला ती विकताच येत नाही, शाळेपासून शंभर यार्डांत तर कुणालाच नाही. गेल्या वर्षी गणिताच्या तासाला आम्ही टेप काढली. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, हे आधी फळ्यावर करून घेतलं. कंपाउंडच्या भिंतीपासून मोजलं तर आत तीन टपऱ्या. मुख्याध्यापकांनी नगरपालिकेला आणि पोलीस ठाण्याला पत्र दिलं, सोबत मुलांनी काढलेला नकाशा जोडला. दोन महिन्यांनी दोन टपऱ्या हलल्या. तिसरीवाला आता स्वतः टेप घेऊन आलाय, म्हणतो, पोरांनी भिंतीच्या चुकीच्या कोपऱ्यापासून मोजलंय. सोमवारी पुन्हा मोजणार आहोत.