दुधीचे सात वार

रक्ततपासणीच्या अहवालात ट्रायग्लिसराइडपुढचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, आकडा ठळक अक्षरांत छापून आला आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मला प्रथमच कोणीतरी विचारले, की तुमच्या घरी भाजीला तेल किती लागते. विचारणारी आहारतज्ज्ञ माझ्या मुलीच्या वयाची होती आणि मला काका म्हणत होती. मी म्हटले, “बेताचे.” त्यावर तिने पेन उघडून अत्यंत आदराने विचारले, “बेताचं म्हणजे किती मिलिलिटर, काका?” आमच्या मागच्या तीन पिढ्यांत या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळ नव्हते. आमच्याकडे तेल बेताने, मीठ चवीपुरते, गूळ नावाला आणि दाण्याचे कूट ‘थोडेसे’ पडते. त्यातल्या ‘थोडेसे’चा खरा अर्थ आई डब्यात हात घालते तेव्हाच कळतो.

तिने दिलेला तक्ता वरवर निरुपद्रवी दिसत होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात दिवसाला 400 ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत, त्या तुम्ही खा, एवढेच तिचे म्हणणे होते. कोणत्या भाज्या, असे मी विचारले तेव्हा तिने दुधी, दोडका, पडवळ, कोबी आणि काकडी ही नावे अशा उत्साहाने घेतली, की लहानपणी ज्यांच्या धाकाने मी जेवणाची वेळ टाळत असे, ती सारी मंडळी दाराबाहेर रांग लावून उभी आहेत असा मला भास झाला. दोन्ही वेळच्या भाजीला मिळून तेल दोन चमचे. चमचा म्हणजे चहाचा. कूट, खोबरे आणि गूळ यांच्यापुढे तिने नुसती आडवी रेघ मारली होती.

घरी आल्यावर बायकोने तक्ता शांतपणे वाचला आणि म्हणाली, “ट्रायग्लिसराइडं तुमची, तेव्हा भाजीही तुम्हीच चिरा.” आईने वाचायचीही तसदी घेतली नाही. बिनकुटाच्या भाजीला तिच्या शब्दकोशात एकच नाव आहे: पथ्याची भाजी. “कोण आजारी आहे?” एवढेच तिने विचारले आणि माझ्याकडे असे पाहिले, की क्षणभर मलाच कपाळाला हात लावून पाहावासा वाटला.

माझा पहिला आठवडा दुधीने खाल्ला. मंडईतून मी उत्साहाच्या भरात हातभर लांबीचा, कोवळा, नखाने टोचले तर पाणी येईल असा दुधी आणला होता, आणि तो संपेपर्यंत दुसरी भाजी आणायची नाही, असा बायकोचा हुकूम होता. दुधीबद्दल एक गोष्ट मान्य केली पाहिजे: शंभर ग्रॅममागे पंधराच्या आतबाहेर कॅलरी असलेला हा मनुष्य अंगात जवळजवळ पाणीच घेऊन फिरतो, त्यामुळे त्याच्याकडून काही मागणेच चूक. सोमवारी तो मुगाच्या डाळीत शिजला, मंगळवारी डाळीशिवाय शिजला, आणि या दोहोंतला फरक मला डोळे मिटून सांगता आला नाही. बुधवारी भाच्याच्या सल्ल्यावरून त्याच्या लांब सळया काढून नूडल्स करण्यात आले. भाच्याने ते खाल्ले नाहीत. गुरुवारी त्याच्या चकत्या एअर फ्रायरमध्ये घातल्या, त्या वीस मिनिटांनी कागदी कपट्यांच्या रूपाने बाहेर आल्या आणि पंख्याच्या वाऱ्याने दोन उडाल्याही. दुधीचे हे वार मी मोजून झेलत होतो. चिरण्यापूर्वी एक कापटी चाखावी आणि कडू लागल्यास सबंध फळ टाकून द्यावे, कारण त्या कडवटपणातली कुकुर्बिटॅसिन नावाची द्रव्ये पोटाला घातक असतात, एवढ्या एकाच मुद्द्यावर आई आणि आहारतज्ज्ञ यांचे एकमत होते. तेव्हा रोज सकाळी मी ती कापटी मोठ्या आशेने चाखत असे. दुधी एकदाही कडू निघाला नाही.

शुक्रवारी मी वही घेऊन हिशोबाला बसलो आणि आमच्या घरातल्या भाज्यांचे गुपित उघडे पडले. अर्धा किलो दुधीत पाऊणशेच्या आसपास कॅलरी. त्यावर आई ज्याला थोडेसे म्हणते ते कूट पन्नास ग्रॅम, म्हणजे सुमारे पावणेतीनशे. आणि दोन पळ्या तेल, ग्रॅमला नऊच्या दराने, आणखी सव्वादोनशेच्या पुढे. म्हणजे इतकी वर्षे आम्ही दुधी खात नव्हतो, दुधीच्या निमित्ताने शेंगदाणे खात होतो. आमच्याकडची कोबीची पचडी, काकडीची कोशिंबीर, दोडक्याचा रस्सा हे सारे एकाच दाण्याच्या कुटाचे निरनिराळे पोशाख होते. तो काढून घेतल्याबरोबर ताटाच्या डाव्या बाजूची कोशिंबीर आणि उजव्या बाजूची भाजी एकमेकींना ओळखेनाशा झाल्या.

मग मी मुळाशी गेलो, म्हणजे फोडणीशी. एक चमचा तेल आमच्या घरच्या पसरट कढईत ओतले, की ते तळाला नुसता चकाकीचा हात फिरवते. त्यात टाकलेली मोहरी न तडतडता इकडेतिकडे गडगडते, काळी पडते आणि कडू होते. दोन दिवस मी मोहरीला दोष दिला. तिसऱ्या दिवशी आईला राहवले नाही. तिने खुंटीवरची फोडणीची लहान पळी काढली, तोच चमचाभर तेल तिच्यात घेतले आणि पळी आचेवर किंचित तिरकी धरली. तेल एका कडेला जमून चांगले बोटाच्या पेराएवढे खोल झाले, मोहरी त्यात बुडाली, तडतडली, हिंग फुलला, आणि घरात सात दिवसांनी प्रथमच जेवणाचा वास आला. ही फोडणी शिजलेल्या भाजीवर वरून ओतायची. भाजी शिजवायची ती झाकणात पाणी ठेवून, मंद आचेवर, तिच्याच अंगच्या पाण्यात. लागलेच तर झाकणातले कोमट पाणी घालायचे, गार पाण्याचा हबका द्यायचा नाही. हे सगळे आईला ठाऊक होते, पण मी विचारले नव्हते, आणि पथ्याच्या भाजीसाठी आपणहून सांगणे तिच्या स्वभावात नाही.

तिथून पुढे माझा हुरूप वाढला. कूट गेले तर गेले, पण आंबट कोणी काढून घेतले होते? आमसूल, चिंचेचा कोळ, कैरीचा कीस, लिंबू, ताक: तक्त्यात यांच्यापैकी कोणापुढेही रेघ नव्हती. चिरणे बदलले की भाजीचा स्वभाव बदलतो, हेही मला याच सुमारास कळले. किसलेली काकडी मीठ लागताच रडू लागते आणि वाटीत तळे साचते. तीच हातात धरून सुरीने चोचवली आणि वाढण्याच्या क्षणाला मीठ लावले, तर कूट नसतानाही ती दाताखाली कुरकुरते. लाल भोपळा उकडून, कुस्करून, दह्यात कालवून त्यावर मेथीदाण्याची फोडणी दिली, तर त्याला गुळाची आठवण होत नाही. वांगे तेलात परतले तर टिपकागदासारखे तेल पिते, पण जाळावर भाजले तर थेंबही मागत नाही. पडवळाबद्दल मात्र मला काही बोलायचे नाही; आम्ही दोघांनी एकमेकांना प्रयत्न करून पाहिले आहे.

शेवटी महिनाभराने, ज्याने मला छळले त्या दुधीचीच मी सालासकट उभी कापे केली, झाकणातल्या पाण्यावर अर्धवट मऊ होऊ दिली, दोन आमसुले टाकली, आणि वरून ठेचलेला लसूण आणि सुक्या मिरचीची चमचाभर तेलातली फोडणी ओतली. मुलीने मागून घेतली. बायकोने न बोलता दुसऱ्यांदा घेतली. आईने एक घास खाल्ला, थांबली आणि म्हणाली, “भाकरी आहे का अजून?” त्या दिवसापासून आमच्याकडे वेगवेगळ्या भाज्यांचा असा काही बहर आला, की मी वहीत पाककृती लिहून ठेवू लागलो आणि पुढच्या तपासणीला ती वही अभिमानाने बरोबर घेऊन गेलो.

आहारतज्ज्ञ मुलीने सगळी वही वाचली, दोनतीन कृतींचे मोबाइलवर फोटो काढले आणि मग मला काट्यावर उभे केले. पहिल्या महिन्यात, म्हणजे त्या कागदी चकत्यांच्या काळात, दीड किलो उतरलेले वजन दुसऱ्या महिन्यात जसेच्या तसे परत आले होते.

“काका, भाज्या खरंच सुंदर आहेत,” ती म्हणाली. “त्यांच्याबरोबर भाकऱ्या किती?”

मी म्हटले, “बेताच्या.”

तिने पेन उघडले. नव्या तक्त्यात भाकरी एक आहे, आणि दुधीच्या पुढे कंसात लिहिले आहे: साधा.